तू कुठल्या बिल्डचा?

हे लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. कारण यात चूक माझी आहे, आणि ती भोगावी लागली भलत्याच व्यक्तीला. पण परवा एका मित्राशी फोनवर बोलताना त्यानेही जवळजवळ असाच किस्सा सांगितला. म्हटलं, आता लिहूनच टाकू. शनिवार आहे, चहा झालाय, आणि लाइट अजून तरी गेलेले नाहीत :)

जे सॉफ्टवेअरवाले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. बाकीच्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

आपण सी किंवा सी-प्लस-प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहितो तेव्हा प्रत्येक फंक्शनला, प्रत्येक व्हेरिएबलला नाव देतो. कंपायलर आणि लिंकर मिळून त्याची मशीनला कळेल अशी फाइल बनवतात. मशीनला नावांशी काही देणंघेणं नसतं, तिला फक्त पत्ते लागतात. या पत्त्यावर जा, तिथली सूचना पाळ, परत ये. म्हणून ग्राहकाला माल पाठवताना ही नावं काढून टाकतात. याला आमच्याकडे 'स्ट्रिप' करणं म्हणतात. काढलेली माहिती फेकून देत नाहीत, वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवतात. तीच डीबग फाइल किंवा सिंबॉल फाइल. या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत हे फंक्शन, आणि हा पत्ता म्हणजे अमुक सोर्स फाइलची अमुक ओळ, असा तो मोठ्ठा तक्ता असतो. मूळ प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी पट मोठा, म्हणून तर तो सोबत पाठवत नाहीत.

आता ग्राहकाकडे प्रोग्रॅम कोसळला की आपल्या हातात काय येतं? नुसते आकडे. या पत्त्यावर असताना मेला, तिथे त्या पत्त्यावरून आला होता, आणि त्याआधी आणखी कुठून तरी. मग सिंबॉल फाइल उघडायची, ते पत्ते तिच्यात शोधायचे, आणि आकड्यांच्या जागी नावं लिहायची. झाला तयार स्टॅक ट्रेस. म्हणजे सगळी भिस्त एका प्रश्नावर: कोसळलेला जो प्रोग्रॅम आहे, त्याचीच ही सिंबॉल फाइल आहे का? त्याच्या भावाची किंवा चुलतभावाची नाही ना?

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो तिथे आमचा प्रोग्रॅम ग्राहकांच्या लिनक्स सर्व्हरवर चालायचा. सिंबॉल फाइल्स आम्ही एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायचो, व्हर्जन नंबरप्रमाणे. ४.२.० चा फोल्डर, ४.२.१ चा फोल्डर. अगदी टापटीप. एका रात्री मोठ्या ग्राहकाकडे क्रॅश झाला. सकाळी माझ्याकडे कोर फाइल आली, म्हणजे प्रोग्रॅम मरताना त्याच्या मेमरीची काढलेली प्रत. मी पत्ते काढले, त्यातून लायब्ररीचा सुरुवातीचा पत्ता वजा केला, ४.२.१ च्या फोल्डरमधली सिंबॉल फाइल घेतली, 'ॲडर-टू-लाइन' ही कमांड चालवली. नावं आली. सगळ्यात वरचं फंक्शन आमच्या टीममधल्या एका मुलीने दोनच आठवड्यांपूर्वी लिहिलेलं होतं. तिला नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं असेल.

मीटिंगमध्ये मी तो ट्रेस प्रोजेक्टरवर लावला. ती म्हणाली, "पण हे फंक्शन त्या खालच्या फंक्शनमधून कॉलच होत नाही." मी काय म्हणालो असेन? "अगं, ऑप्टिमायझर काय वाटेल ते करतो. इनलाइन झालं असणार." आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे सिनिअर लोकांचा रामबाण उपाय. ज्याचा खुलासा करता येत नाही ते ऑप्टिमायझरच्या माथी मारायचं. ती गप्प बसली. तिचा बदल मागे घेतला, घाईघाईने ४.२.२ काढला, ग्राहकाला पाठवला. पुढचे तीन दिवस ती आपलाच कोड पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. चूक सापडेना. सापडणार कशी? नव्हतीच.

चौथ्या दिवशी ४.२.२ तसाच कोसळला.

या वेळी ट्रेस काढला तर सगळी नावं वेगळी आली, आणि अगदी सुसंगत. वरच्या फंक्शनला खालचं फंक्शन खरोखरच कॉल करत होतं. लॉग फाइल बदलणारा एक थ्रेड आधीच मोकळी केलेली मेमरी वापरत होता. तो कोड दोन वर्षांपूर्वीचा होता. लेखक अस्मादिक.

मग पहिला ट्रेस आला कुठून? मी ग्राहकाकडची ४.२.१ ची बायनरी आणि आमच्या फोल्डरमधली ४.२.१ ची सिंबॉल फाइल शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवर 'रीडएल्फ -एन' चालवलं. दोन्हींच्या आत ४० अक्षरी एक आकडा असतो, बिल्ड-आयडी. दोन आकडे वेगळे होते. म्हणजे या दोन फाइल्सचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता. त्यांच्यावर व्हर्जन तेवढा एकच लिहिलेला होता.

उलगडा असा झाला: ४.२.१ चा बिल्ड दोनदा झाला होता. पहिला झाल्यावर पॅकेजिंगच्या स्क्रिप्टमध्ये काहीतरी चूक सापडली, म्हणून त्याच टॅगवरून, त्याच सोर्सवरून बिल्ड पुन्हा चालवला. मधल्या दोन दिवसांत बिल्ड मशीनवरचा कंपायलर अपडेट झाला होता. सोर्स तोच, पण फंक्शनचे आकार थोडे बदलले, त्यामुळे पुढचे सगळे पत्ते काहीशे बाइट्सनी सरकले. आणि सिंबॉल कॉपी करणारी स्क्रिप्ट? तिला फोल्डर आधीच दिसला, म्हणून ती 'आहे की' म्हणून पुढे गेली. ग्राहकाकडे गेला दुसरा बिल्ड, सिंबॉल राहिले पहिल्याचे. काहीशे बाइट्स सरकलं की पत्ता शेजारच्या फंक्शनमध्ये पडतो. शेजारचं फंक्शन बहुतेक वेळा त्याच फाइलमधलं, त्याच विषयावरचं असतं, त्यामुळे ट्रेस खोटा असूनही खरा वाटतो. पार भलतीच नावं आली असती तर मलाही शंका आली असती.

आणि 'ॲडर-टू-लाइन'ने तरी मला का सांगितलं नाही? कारण ती गरीब बिचारी कमांड आहे. तुम्ही जी फाइल द्याल ती मुकाट्याने उघडते आणि जो पत्ता द्याल त्याच्यासमोरचं नाव वाचून दाखवते. पत्ता कुठल्या बिल्डचा, फाइल कुठल्या बिल्डची, हे ती विचारत नाही. ओळखपत्र दोघांच्याही खिशात होतं. मागितलं कोणीच नाही.

त्यानंतर मी या ओळखपत्रांच्या मागेच लागलो. प्रश्न वरवर साधा आहे: बायनरी आणि तिची सिंबॉल फाइल यांची गाठ घालून देणारा आकडा कसा बनवायचा? पण गेल्या काही दशकांत लोकांनी याची जी उत्तरं दिली ती बघितली की कळतं, प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरात हात पोळून घेतल्यावर आलेलं आहे.

पहिलं उत्तर अर्थातच नाव आणि व्हर्जन. ते का चालत नाही हे वर सांगितलंच. व्हर्जन नंबर माणसं ठरवतात, आणि तो सोर्सचा असतो. पत्ते बायनरीचे असतात. एका सोर्समधून कितीही वेगवेगळ्या बायनरी निघू शकतात. धोबी कपड्यांच्या गाठोड्यावर नाव लिहून थांबत नाही, प्रत्येक कपड्याच्या आत शाईने खूण करतो, कारण घाटावर गाठोडं सुटणारच असतं. आमचा व्हर्जनचा फोल्डर म्हणजे ते गाठोडं.

दुसरं उत्तर, वेळ. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई आणि डीएलएलच्या हेडरमध्ये ४ बाइट्सचा एक रकाना आहे, १९७० पासून किती सेकंद झाले ते सांगणारा. जुन्या पीडीबी फाइल्सची, म्हणजे विंडोजच्या सिंबॉल फाइल्सची ओळखही अशाच सेकंदांवर चालायची. कल्पना वाईट नाही, दोन बिल्ड एकाच सेकंदाला कशाला होतील? पण आज एका कंपनीत शेकडो बिल्ड समांतर चालतात, त्यामुळे होतातही. आणि दुसरी भानगड उलट बाजूने येते. तोच सोर्स, तोच कंपायलर, अगदी तीच बायनरी पुन्हा बनवली तरी वेळ बदललेली, म्हणून ओळख बदललेली. बिल्ड कोणीही, कधीही केला तरी बाइट न बाइट सारखा यावा असा आग्रह धरणाऱ्यांना हे चालत नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः विंडोज १० मध्ये त्या रकान्यात वेळेऐवजी मजकुरावरून काढलेला हॅश ठेवायला सुरुवात केली. रकान्याचं नाव अजून 'टाइम-डेट-स्टॅम्प'च आहे. तो तारीख म्हणून वाचला तर कधी कधी भविष्यातली तारीख दिसते. घाबरू नका, ती फाइल भविष्यातून आलेली नाही.

तिसरं उत्तर, चेकसम. लिनक्सवर बायनरीत 'डीबगलिंक' नावाचा एक विभाग ठेवायची पद्धत होती, आणि अजूनही आहे. त्यात दोन गोष्टी: सिंबॉल फाइलचं नाव आणि त्या फाइलचा ३२ बिटांचा सीआरसी. डीबगर नावावरून फाइल शोधतो आणि सीआरसी जुळतो का ते बघतो. माझ्या चुकीपेक्षा हे नक्कीच बरं. पण अडचणी बघा. एक, जुळतंय का हे कळायला ती अगडबंब फाइल अख्खी वाचावी लागते. दोन, शोध अजून नावावरच चाललाय. तीन, बायनरी सिंबॉल फाइलला ओळखते, पण सिंबॉल फाइल बायनरीला ओळखत नाही. एकतर्फी प्रेम! आणि चार, हीच सगळ्यात महत्त्वाची: हा विभाग प्रोग्रॅम चालताना मेमरीत येतच नाही. त्यामुळे प्रोग्रॅम मेल्यावर कोर फाइलमध्ये त्याचा पत्ता नसतो. क्रॅशच्या वेळी जे हातात नाही ते ओळखपत्र काय कामाचं?

३२ बिट पुरतात का, हाही प्रश्न आहेच. वाढदिवसाचं कोडं आठवतंय ना? २३ माणसं जमली की त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. ३२ बिटांचे सुमारे ४३० कोटी आकडे होतात, ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातून कसेही उचलले तर साधारण ७७ हजार फाइल्सनंतर कुठल्यातरी दोघींचा आकडा एकच येण्याची शक्यता निम्मी होते. रोज हजारो फाइल्स बनवणाऱ्या ठिकाणी ७७ हजार म्हणजे काहीच नाही. नाव पण जुळावं लागतं म्हणून निभावून जातं, इतकंच. १२८ बिट घेतले तर हीच वेळ यायला सुमारे २ लाख कोटी कोटी फाइल्स लागतील. तेवढ्या बनवेपर्यंत आपण सगळे रिटायर झालेले असू.

चौथं उत्तर म्हणून हेच १२८ बिट. २००२ च्या व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेटबरोबर आलेल्या नव्या पीडीबीत सेकंदांची जागा १६ बाइट्सच्या जीयूआयडीने घेतली. लिंकर एक आकडा घेतो आणि तोच बायनरीत आणि पीडीबीत, दोन्हींत लिहितो. म्हणजे ओळख दोन्हीकडे बसते. सोबत 'एज' नावाचा छोटा आकडा, म्हणजे वय. पीडीबी पूर्ण नव्याने न बनवता आहे त्यातच भर घातली तर जीयूआयडी तोच राहतो आणि वय एकाने वाढतं. सिंबॉल सर्व्हरवर फाइल ठेवायची ती याच दोघांना जोडून केलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये. मला यातला साधेपणा आवडतो. मात्र आकडा नुसताच यादृच्छिक असेल तर वेळेसारखीच गत होते. तीच बायनरी पुन्हा बनवली तरी ओळख नवी.

आता माझं आवडतं, पाचवं उत्तर. २००७ मध्ये रोलंड मॅकग्रा यांनी फेडोरासाठी बिल्ड-आयडीची कल्पना मांडली आणि त्याच वर्षीच्या फेडोरा ८ मध्ये ती आली. लिंकर सगळी फाइल तयार करतो, ओळखीसाठी २० बाइट्सची जागा मोकळी सोडतो, सगळ्या मजकुराचा एसएचए-१ हॅश काढतो आणि तो त्या मोकळ्या जागेत भरतो. मजकूर तोच तर ओळख तीच. मजकूर एका बिटाने बदलला तरी ओळख पूर्ण वेगळी. ठसा फाइलच्या आतच ठेवायचा आणि तो फाइलचाच असायचा, हे कोंबडी आधी की अंडं आधी असं कोडं होतं, ते मोकळ्या जागेने सोडवलं.

पण खरी हुशारी ठशात नाही, तो कुठे ठेवला त्यात आहे. बिल्ड-आयडी अशा छोट्या विभागात असतो जो प्रोग्रॅमबरोबर मेमरीत चढतो. स्ट्रिप करताना हा विभाग निघत नाही. म्हणून स्ट्रिप केलेली बायनरी, वेगळी काढलेली सिंबॉल फाइल आणि चालणारा प्रोग्रॅम, तिघांकडे तोच आकडा. हा विभाग बहुधा फाइलच्या पहिल्या पानात असतो, आणि लिनक्स कोर फाइल लिहिताना प्रत्येक लायब्ररीचं ते पहिलं पान सोबत घेतो. त्यामुळे प्रोग्रॅम मेला तरी, मूळ बायनरी हाताशी नसली तरी, कोर फाइलवरून सांगता येतं की आत कुठकुठल्या लायब्ररी होत्या आणि कुठल्या बिल्डच्या. 'ईयू-अनस्ट्रिप' ही कमांड नेमकी हीच यादी देते. मी त्या सकाळी ती चालवली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मग या आकड्याचाच पत्ता होतो. पहिली दोन अक्षरं हे फोल्डरचं नाव आणि उरलेली फाइलचं, की शोध संपला. नाव नको, व्हर्जन नको, ग्राहक कोण ते नको. २०१९ मध्ये एलफयूटिल्स या प्रकल्पाने 'डीबगइन्फोडी' नावाचा सर्व्हर आणला, तो हेच एचटीटीपीवरून करतो. बिल्ड-आयडी द्या, सिंबॉल फाइल घ्या. आज फेडोरा, डेबियन, उबुंटू, आर्च सगळ्यांचे असे सर्व्हर आहेत. जीडीबी सुरू केला की तो विचारतो, आणू का सिंबॉल? हो म्हणायचं आणि चहा घ्यायचा.

एक शंका हमखास येते: एसएचए-१ तर २०१७ मध्ये मोडला ना? हो, गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइल्स बनवून दाखवल्या. पण ती टक्कर मुद्दाम, प्रचंड मेहनतीने घडवलेली. चुकून होणाऱ्या टकरींसाठी १६० बिट आजही भरपूर आहेत. मात्र यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. बिल्ड-आयडी म्हणजे सही नव्हे. स्ट्रिप केलेल्या फाइलचा हॅश पुन्हा काढून तो जुळवता येत नाही, कारण फाइलचा मोठा भाग निघून गेलेला असतो. कोणी नंतर त्या बायनरीत फेरफार केले तरी आत जुनाच आकडा राहील. हा आकडा 'मी या बिल्डचा' इतकंच सांगतो. 'मी निर्मळ आहे' असं नाही.

आणखी एक बारकावा. हॅशमध्ये काय काय घ्यायचं? डीबग माहितीत बिल्ड कुठल्या डिरेक्टरीत झाला तेही लिहिलेलं असतं. त्यामुळे तुम्ही तुमच्या होम फोल्डरमध्ये आणि मी माझ्या होम फोल्डरमध्ये तोच प्रोग्रॅम बनवला तर पत्ते सगळे सारखे, पण बिल्ड-आयडी वेगळा येऊ शकतो. जुळायला हवं ते जुळलं नाही की गैरसोय होते, पण न जुळणारं जुळलं की घात होतो. दोन्हींतून एक निवडायचं असेल तर मी गैरसोय निवडेन.

घाताचं उदाहरण म्हणजे गूगलचं ब्रेकपॅड. क्रॅश रिपोर्ट गोळा करायची ही लायब्ररी लिनक्सवर बिल्ड-आयडीचे पहिले १६ बाइट घेते, म्हणजे ते जीयूआयडीच्या साच्यात बसतात. पण बायनरीत बिल्ड-आयडी नसलाच तर? (क्लँग लिंकरला बिल्ड-आयडी द्यायला आपणहून सांगतोच असं नाही, त्यामुळे असं होतं.) मग कोडच्या विभागाचे पहिले ४,०९६ बाइट घेऊन, १६-१६ चे तुकडे एकमेकांत एक्सॉर करून काहीतरी आकडा बनवते. नाइलाजाचा उपाय म्हणून ठीक. पण विचार करा, तुमची लायब्ररी दोन एमबीची आहे आणि तुम्ही बदल केला शेवटच्या भागात. पहिलं पान तसंच राहू शकतं. म्हणजे दोन वेगळे बिल्ड, एकच ओळख. टूल म्हणणार 'जुळलं!', आणि नावं येणार भलत्याच फंक्शनची. माझ्यासारखंच.

शिवाय जीयूआयडी लिहायच्या पद्धतीत पहिल्या काही बाइट्सचा क्रम उलटा होतो आणि शेवटी वयाचं शून्य लागतं, त्यामुळे तोच बिल्ड-आयडी ब्रेकपॅडमध्ये वेगळाच दिसतो. पासपोर्टवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं. ओळख बनवणाऱ्याने ती अक्षरांत कशी लिहायची तेही पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं.

तर एवढं सगळं वाचून, करून माझ्यापुरतं जे ठरलं ते असं. ओळख लिंकरने, बायनरी जन्मताना द्यावी, नंतर माणसाने किंवा स्क्रिप्टने चिकटवू नये. ती मजकुरावरून निघावी, आणि सगळ्या मजकुरावरून, पहिल्या पानावरून नाही. ती बायनरीत, सिंबॉल फाइलमध्ये आणि चालत्या मेमरीत, तिन्हीकडे असावी. निदान १२८ बिटांची असावी. आणि वापरताना ती बघितली जावी. हे शेवटचं सगळ्यात सोपं आणि आम्ही नेमकं तेच केलं नव्हतं. आमच्याकडे उत्तम बिल्ड-आयडी होता. लिंकर तो प्रत्येक वेळी इमानेइतबारे लिहीत होता.

त्या आठवड्यात मी पुन्हा मीटिंग बोलावली. तोच प्रोजेक्टर, तीच माणसं. दोन्ही बिल्ड-आयडी एकाखाली एक लावले आणि सांगितलं की परवाचा ट्रेस खोटा होता, हिची चूक नव्हती, बग माझा आहे. आणि तिची माफी मागितली. तिने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, की ते फंक्शन तिथून कॉल होत नाही. तो एकच धागा धरला असता तरी पुरे होतं. मी मात्र तिच्या वाचलेल्या कोडपेक्षा स्क्रीनवरच्या नावावर जास्त विश्वास ठेवला.

ती काय म्हणाली? म्हणाली, "ठीक आहे." आणि दोन दिवसांनी एक स्क्रिप्ट घेऊन आली. कोर फाइल दिली की ती त्यातले सगळे बिल्ड-आयडी काढते, आमच्या नव्या साठ्यात (आता फोल्डर व्हर्जनचे नाहीत, बिल्ड-आयडीचे) सिंबॉल शोधते, आणि जुळले तरच नावं छापते. नाही जुळले तर नुसता पत्ता छापते आणि समोर लिहिते, 'सिंबॉल मिळाले नाहीत'. मी विचारलं, "जवळपासचा बिल्ड असेल तर निदान अंदाजाने नाव दाखवायचं का, कंसात वगैरे?" तिने माझ्याकडे फक्त बघितलं. मी प्रश्न मागे घेतला.

मी ती टीम सोडली तेव्हाही ती स्क्रिप्ट तिथे चालत होती. तिच्यामुळे कधी कधी खूप कटकट व्हायची. रात्री दोन वाजता ग्राहक लाइनवर असायचा आणि स्क्रीनवर नुसते आकडे. पण आकड्यांवरून कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. आधी सिंबॉल शोधावे लागतात.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा. ग्राहकाकडे गेलेली एखादी बायनरी घ्या, तिची म्हणून तुम्ही जपून ठेवलेली सिंबॉल फाइल घ्या, आणि दोन्हींवर 'रीडएल्फ -एन' चालवा. जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं तर मागचे दोन-चार क्रॅश कोणाच्या नावावर टाकले होते, ते एकदा तपासून बघा.